हनुवटीची चुगली

जन्मभर शाळेत शिकवलं बाईंनी, आणि ‘मास्तर’ म्हणून नाव झालं त्यांच्या नवऱ्याचं. या अन्यायाबद्दल बाईंनी नवऱ्याला कधीच माफ केलं नाही. गणित-भूगोलाचे तास घेऊन, घसा बसवून त्या घरी यायच्या, तर खाली दुकानाच्या दाराशी कुणीतरी “मास्तर आहेत का, मास्तर?” अशी हाक घालत उभं असायचं. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, ओठांत टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून उत्तर यायचं, “बसा, आलोच.” दोघांच्या धंद्यात सामाईक असा एक खडूच. बाईंचा कांडीचा, मास्तरांचा चपटा. “माझ्या खडूनं माणसं घडली,” असं बाई म्हणाल्या की मास्तर म्हणायचे, “आणि माझ्या खडूनं ती झाकली गेली, बाई. नाहीतर तुमची घडलेली माणसं चारचौघांत आली कशी असती?”

हो, मास्तरही बायकोला बाईच म्हणायचे, वर अहो-जाहोही करायचे. नवरी घरात आली तीच शाळेतली नोकरी घेऊन. अख्खी गल्ली तिला बाई म्हणत होती, मग आपण एकट्यानं वेगळा सूर कशाला लावा, असा मास्तरांचा हिशेब. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती थट्टा होती, पुढे सवय झाली, आणि आता तिचाच घोटाळा झाला होता. कारण दुकानात येणाऱ्या बायकांनाही मास्तर बाईच म्हणत. “बाई, परवा या, तयार असेल.” अलीकडे स्वयंपाकघरात बसून त्यांनी “बाई” अशी हाक मारली की बाईंना कळेना, ही हाक बायकोला आहे की गिऱ्हाइकाला. सुरुवातीला त्या विचारायच्या, “कुठली बाई?” मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं, कारण उत्तराची भीती वाटायला लागली.

दुखण्याची सुरुवात झाली बाह्यांपासून. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाइकानं तक्रार केली तर मास्तरांनी त्याच्याच हातांकडे संशयानं पाहिलं. मग मापं चुकली, मग गिऱ्हाइकं चुकली, आणि शेवटी एक दिवस मास्तर दुकानातून वर घरी यायचा जिनाच चुकले. जिना एकच होता. त्यानंतर दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

लेकीनं डॉक्टर शोधला. लेक विम्याच्या कंपनीत होती, त्यामुळे तिला सगळीकडे आधी धोका दिसायचा आणि मग माणसं दिसायची. डॉक्टर उंच, सावकाश बोलणारा, अंगातला पांढरा कोट एक माप मोठा. त्यानं मास्तरांना विचारलं, “आज वार कोणता?”

“तुम्हाला कपडा कधी हवाय, त्यावर आहे,” मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसला. बाईही हसल्या, पण त्यांच्या लक्षात आलं की उत्तर छान असलं तरी प्रश्न सुटलेला नाही. वर्गात असली पोरं त्यांनी ढीगभर पाहिली होती.

मग डॉक्टरनं प्रश्न थांबवले आणि हात चालवायला सुरुवात केली. दोन भुवयांच्या मधोमध तो बोटानं हलकेच टकटक करू लागला. मास्तरांच्या पापण्या मिचकल्या. पुन्हा टकटक, पुन्हा मिचक. “चार-दोन वेळा सगळ्यांच्याच मिचकतात,” डॉक्टर म्हणाला, “मग पापण्या सरावतात.” मास्तरांच्या काही सरावेनात. मग त्यानं वरच्या ओठावर बोट आपटलं, तर ओठांचा चंबू झाला. तळहातावरून बोटं फिरवली, तर मास्तरांनी ती अशी धरली की डॉक्टरला दुसऱ्या हातानं सोडवून घ्यावी लागली. शेवटी त्यानं पेनाच्या बोथट टोकानं मास्तरांच्या अंगठ्याखालचा मांसल भाग खसकन ओरखडला, आणि तिकडे खालच्या ओठाखाली हनुवटीची कातडी टुणकन हलली. खाजवलं हाताला आणि हललं तोंड! हा काय प्रकार म्हणून बाई खुर्चीतून पुढे झुकल्या.

“तान्ह्या बाळाच्या तळहातात बोट दिलं की ते घट्ट धरतं ना?” डॉक्टरनं समजावलं. “ओठाला काही लागलं की चंबू करतं. या जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया. आपण मोठे होतो तशा त्या जात नाहीत बरं का, नुसत्या झाकल्या जातात. मेंदूचा पुढचा भाग त्यांच्यावर झाकण ठेवतो. ते झाकण सैल झालंय का, ते मी बघत होतो.”

“मग झालंय?”

“स्कॅन करून या. मग पुन्हा एकदा सगळं बघू.”

डॉक्टर बोलला ते एवढंच. पण ऐकणारीनं उभी हयात उत्तरपत्रिका तपासण्यात घालवली होती. ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणजे फेरपरीक्षा, हे बाईंना सांगायला कुणी लागत नव्हतं. आणि फेरपरीक्षेला बसलेलं पोर बाईंच्या हातून आजवर नापास झालेलं नव्हतं.

परतताना गाडीत मागच्या सीटवर मास्तर झोपले, तेव्हा लेकीनं आवाज खाली घेतला. “आई, माझ्या ऑफिसजवळ एक केंद्र आहे, अशाच लोकांसाठी. बाग आहे, नर्स असतात. बाबांना तिथे ठेवू आणि तू माझ्याकडे ये. रोज भेटायला जाऊ आपण.”

“भेटायला? नवऱ्याला मी भेटायला जाऊ? माझा काय पाहुणा लागतो तो?”

“बरं बाई, राहू दे त्यांना घरी. तू धडधाकट आहेस तोवर माझं काही म्हणणं नाही. पण उद्या तुलाच काही झालं तर? मग मात्र मी ऐकायची नाही, आधीच सांगते.”

“मला काय धाड भरलीय?” बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. करार झाला. बाई ठणठणीत, तर मास्तर घरात. विम्याच्या माणसांशी करार करताना बारीक अक्षरं वाचायची असतात, पण बाईंना तेव्हा आपल्या तब्येतीविषयी तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. न्याहारी झाली की बाई मास्तरांना बंद दुकानातल्या ट्रायलच्या आरशापुढे बसवायच्या. तिथे उजेड चांगला होता आणि ओळखीच्या जागेत मास्तर निवांत असत. “हे बघा, मी इथे टकटक करणार. डोळे मिचकवायचे नाहीत. कळलं?” मास्तर मान डोलवायचे. बाई टकटक करायच्या आणि पापण्या मिचकायच्या. “अहो, मिचकवायचे नाहीत म्हटलं ना!” “मी कुठं मिचकवतोय? ते आपलं होतंय,” मास्तर म्हणायचे, आणि खरं तर या एका वाक्यात डॉक्टरच्या पुस्तकातला अख्खा धडा होता. पण बाईंनी या सबबीही वर्गात ढीगभर ऐकलेल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याची त्यांना सवय होती, कारण त्यांच्या मते घडा कधी ना कधी सुलटा होतो.

मास्तरांना नीट कळावं म्हणून एके सकाळी त्यांनी स्वतःवरच प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. आरशासमोर उभ्या राहिल्या. “बघा हं, माझ्याकडे बघा.” भुवयांमध्ये टकटक केली. पापण्या थोड्या फडफडल्या आणि गप्प झाल्या. “बघितलंत? असं.” ओठावर बोट आपटलं. ओठ ढिम्म. “बघितलंत?” मग शिवणयंत्राच्या फळीवरची कपाटाची किल्ली उचलून त्यांनी अंगठ्याखाली खसकन ओरखडा काढला.

आरशातल्या बाईची हनुवटी टुणकन हलली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. बाईंनी पुन्हा ओरखडलं. पुन्हा हलली. दुसरा हात. दुसऱ्या बाजूनंही हलली. मागून मास्तर कौतुकानं म्हणाले, “छान होतंय.” बाईंनी किल्ली खाली ठेवली आणि त्या दिवशीचा तास लवकर सुटला.

आता बाई काही घाबरट नव्हत्या. एका निरीक्षणावरून नियम काढायचा नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. तेव्हा समोरच्या दारातल्या शेजारणीला त्यांनी चहाला बोलावलं आणि ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं इकडचं तिकडचं बोलत शेवटी म्हणाल्या, “हात बघू तुझा.”

शेजारणीनं लगेच हात पुढे केला. “तुम्हाला बघता येतो? परदेशी जायचा योग आहे का हो बघा. लेक बोलवीन बोलवीन म्हणतो नुसतं.”

“बोलू नकोस. तोंड अगदी बंद ठेव.” बाईंनी विणायच्या सुईनं अंगठ्याखाली ओरखडा काढला.

“अगं आई गं! आणि हात धरलाय माझा तर बघताय तोंडाकडे काय?”

“चेहऱ्यावरही असतं थोडं. बोलू नकोस म्हटलं ना.”

एरवी त्या हनुवटीला दिवसभर उसंत म्हणून नसे, पण आज ती नेमकी दगडासारखी गप्प बसली. परदेशाचा योग आहे असं सांगून बाईंनी शेजारणीची बोळवण केली. रविवारी लेक आली, तेव्हा “हात किती खरखरीत झालेत गं तुझे,” म्हणत बाईंनी तिच्याही हातावर नखानं रेघ ओढली. लेकीची हनुवटी तसूभरही ढळली नाही, उलट भुवया वर गेल्या. “आई, हे काय चाललंय?” “क्रीम लावत जा काहीतरी,” बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

म्हणजे हलणाऱ्या हनुवट्या दोनच, आणि त्या दोन्ही याच घरात.

मग बाईंना आपल्या विसरण्याची एकेक उदाहरणं सापडायला लागली. चोराच्या मनात चांदणं. परवा चाळणी हातात होती आणि चाळणी हा शब्दच तोंडात येईना. एका विद्यार्थ्यानं रस्त्यात पाया पडून विचारलं, “ओळखलंत का बाई?” आणि त्यांनी धडधडीत खोटं सांगितलं, “ओळखलं की.” कुकरच्या शिट्ट्या मोजताना मध्येच त्या हरवल्या. पूर्वीही हे सगळं होत असे, पण पूर्वी त्याला वेंधळेपणा म्हणत. आता त्याचं नाव बदललं होतं, आणि नाव बदललं की गोष्टीही किती मोठ्या दिसतात!

पहिले काही दिवस त्यांनी नुसती धास्ती घेतली. लेकीला कळलं तर संपलंच. मास्तर बागेत, आपण लेकीच्या घरातल्या कोपऱ्यातल्या खोलीत, आणि मधे ठरलेल्या वेळी भेट. मास्तरांचं पाणी गार लागतं की कोमट, कुठल्या अंगावर झोपतात, शर्टाचं वरचं बटण लावलं की त्यांचा जीव कसा घुसमटतो, हे सांगायचं तरी कुणाला? ते स्वतः सांगू शकत नव्हते. बाईही विसरल्या तर जगात एकही माणूस उरणार नव्हता ज्याला हे ठाऊक आहे.

पण माणसाचं मन मोठं बेरकी असतं, भीतीतही ते आपली सोय बघतं. एका दुपारी मटार सोलताना बाईंना वाटलं, जाऊ दे ना. दोघं मिळून गेलो तर बिघडलं काय? हे मला विसरतील, मी यांना विसरेन, आणि कुणीच कुणाला विसरलंय हे दोघांनाही कळणार नाही. फिटंफाट. मास्तरांनी विसरायचं आणि बाईंनी ते विसरलेत हे लक्षात ठेवायचं, ही वाटणी त्यांना मुळातच मान्य नव्हती. संसारात आजवर सगळं निम्मं-निम्मं केलं, मग हेच का एकटीच्या वाट्याला? त्या विचारानं बाईंना बरं वाटलं. इतकं की आपल्याला बरं वाटतंय याची त्यांना लाज वाटली. समोर मास्तर सोललेले मटार पुन्हा सालांत भरून ठेवत होते, आणि बाईंनी त्या दिवशी त्यांना टोकलं नाही.

फेरपरीक्षेचा दिवस उजाडला. बाहेर रणरणतं ऊन, आणि बाई मफलर गुंडाळून तयार. हनुवटीपासून कानापर्यंत.

“आई, हे काय?” लेकीनं विचारलं.

“दाढ.”

“दाखवू या ना मग डॉक्टरला.”

“तो मेंदूचा डॉक्टर आहे. दाढेतलं त्याला काय कळतंय?”

दवाखान्यात डॉक्टरनं मफलरकडे एकदा पाहिलं. त्यानं मास्तरांना समोर बसवलं आणि भुवयांकडे बोट नेलं. मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“डोळे उघडा, मास्तर.”

“नाही. बाईंनी सांगितलंय, मिचकवायचे नाहीत.”

डॉक्टरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहिलं. पोराला कॉपी पुरवताना सापडलेल्या आयांना त्या पूर्वी फैलावर घेत, तो प्रसंग आज उलटा वसूल होत होता. पण आतून त्यांना गुदगुल्या झाल्या. लक्षात राहिलं की! कुठल्या बाईंनी सांगितलं, हे डॉक्टरनं विचारलं नाही, याबद्दल त्या मनातल्या मनात त्याच्या उपकारात राहिल्या.

डोळे उघडले आणि पापण्या मिचकतच राहिल्या. मग डॉक्टरनं ओठावर बोट आपटलं. चंबू झाला.

“हे जमेस धरू नका,” मफलरच्या आतून आवाज आला. “त्या टाचण्या आहेत.”

“काय आहेत?”

“टाचण्या. आयुष्यभर ओठांत टाचण्या धरून कपडे बेतलेत त्यांनी. ओठाला काही लागलं की टाचणी आली असं वाटून ते ओठ आवळतात. धंद्याची सवय आहे ती, दुखणं नाही.”

डॉक्टर मनापासून हसला. “असेलही. म्हणून तर मी एकाच गोष्टीवर थांबत नाही.” त्यानं तळहातावरून बोटं फिरवली. मास्तरांनी ती पकडली, घट्ट. आणि मोकळ्या हातानं डॉक्टरच्या कोटाची बाही चाचपली. “खांद्यात उतरलाय,” ते म्हणाले. “शिवला कुणी?”

“तयार घेतलाय.”

“वाटलंच.” बोटं काही सुटली नाहीत. डॉक्टरनंही घाई केली नाही. तसाच अडकलेल्या हातानं तो लेकीला म्हणाला, “स्कॅनचा रिपोर्ट माझ्याकडे आलाय, पण फिल्म बघायला हव्यात. आणल्यात ना?” फिल्म गाडीत राहिल्या होत्या. लेक त्या आणायला खाली गेली.

दार लागलं तशी बाईंनी खुर्ची पुढे ओढली. एवढीच संधी होती.

“डॉक्टर, एक विचारायचं होतं. माझी एक शेजारीण आहे.”

“बरं.”

“तिच्या हाताला ओरखडलं की हनुवटी हलते.”

“हं. वय काय शेजारणीचं?”

“असेल माझ्याच बरोबरीची.”

“विसरते वगैरे?”

“तसं काही नाही. परवा चाळणी शब्द आठवत नव्हता. चाळणी हातात होती.”

“आणि शेजारणीची दाढही दुखते का?”

बाईंनी मफलरचा एकेक वेढा सोडला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला, छडी खायला पुढे करावा तसा. डॉक्टरनं पेन उलटं धरून ओरखडा काढला. हनुवटीनं चुगली केली.

“माझ्या मुलीला सांगू नका,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान झाला की त्यांनाच तो ओळखू आला नाही. “तिला कळलं तर ती यांना घेऊन जाईल. मला अजून बरंच येतं. करून दाखवते हवं तर.”

डॉक्टरनं त्यांना काही करायला सांगितलं नाही. त्यानं आपलं पेन त्यांच्या हातात दिलं आणि स्वतःचा मोकळा तळहात टेबलावर उताणा ठेवला. “काढा.”

“काय?”

“ओरखडा. न घाबरता.”

बाईंनी काढला. डॉक्टरची हनुवटी अशी उडाली की दाढीचे केससुद्धा हलले. बाई बघतच राहिल्या. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा एकदा काढला.

“पुरे,” डॉक्टर म्हणाला. “कॉलेजात माझ्यावर प्रात्यक्षिक करून सगळ्यांनी हसून घेतलंय. बाई, कितीतरी धडधाकट माणसांची हनुवटी हलते. वय वाढलं की आणखी जणांची हलते. एकट्या हनुवटीच्या साक्षीवर आम्ही कुणाला धरत नाही.” मग त्यानं त्यांच्याही भुवयांवर टकटक केली, ओठ पाहिले, तळहात पाहिला, बरेच प्रश्न विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले. उलट्या आकड्यांत बाईंनी त्याचीच एक चूक काढली. “चाळणी आठवली का शेवटी?”

“तेव्हाच आठवली. हातातली खाली ठेवायच्या आत.”

“मग झालं तर. तुम्हाला काही झालेलं नाही. अगदी खणखणीत आहात. मास्तरांना घरी ठेवायला माझी हरकत नाही, तुमच्या मुलीला मी तसं सांगेन.”

बाईंनी इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला आणि त्या हसल्या. शाळा सुटल्यावर पोरं हसतात तशा, कारण नसताना. आणि हसता हसता, गणिताच्या बाईच त्या, पुढची पायरी त्यांनी लगेच मांडली. “म्हणजे हनुवटीला अर्थ नाही! मग यांचीही तशीच असेल. आणि ओठ तर टाचण्यांमुळे, हे मी सांगितलंच.”

मास्तरांनी धरलेल्या आपल्या बोटांकडे डॉक्टरनं पाहिलं.

“यांची एकटी हनुवटी नाही, बाई. एकेकाला वेगळं काढलं तर प्रत्येकाची काहीतरी सबब सापडेल. पण ओठ, पापण्या, पकड, ते दुकान, तो जिना, आणि आता स्कॅन. सगळे मिळून एकच सांगतायत.”

“पण ती फेरपरीक्षा...”

“परीक्षा नव्हतीच ही.”

“अभ्यास घेतला तर...”

“नाही, बाई.”

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर त्यांच्याकडे पाहून हसले, अदबीनं, पहिल्यांदाच दुकानात पाऊल टाकलेल्या माणसाकडे पाहून ते हसत तसे.

“म्हणजे मी एकटीच पास,” बाई म्हणाल्या.

बाईंनी मागितलं होतं ते सगळं त्यांना मिळालं होतं. मास्तर घरी राहणार होते. पाणी, कूस, वरचं बटण, सगळं सांभाळलं जाणार होतं, कारण लक्षात ठेवणारी एक जागेवर होती. ती शेवटपर्यंत जागेवर राहणार होती. मास्तर तिला रोज थोडं थोडं विसरणार होते, आणि त्यातलं एकही विसरणं तिच्या नजरेतून सुटणार नव्हतं. त्या दुपारी मनाशी केलेली फिटंफाट मोडली होती.

दार उघडून लेक धापा टाकत आत आली. हातात फिल्मचं पाकीट. आईचा उघडा चेहरा पाहून ती दारातच थबकली. “काय झालं? काय म्हणाले डॉक्टर?”

“मला काही झालेलं नाही म्हणाले,” बाईंनी सांगितलं, आणि त्यांना रडू कोसळलं. हुंदके देऊन, नाक ओढत, वर्गासमोर कधी रडल्या नव्हत्या तशा त्या रडल्या. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण यात एवढं रडण्यासारखं काय आहे, ते तिला काही केल्या कळेना.